पावणं वाढलं, रस्सा वाढवा

(मंडळाच्या मदतनिधी स्नेहभोजनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



कार्यकारिणीने मला सांगितलं, "जेवणाआधी वीस मिनिटं बोल, विषय तुझ्या आवडीचा घे." भुकेल्या माणसांसमोर, शेजारच्या खोलीतून मटणाचा वास येत असताना वीस मिनिटं बोलायचं. ही शिक्षा बोलणाऱ्याला आहे की ऐकणाऱ्याला, ते मला अजून समजलेलं नाही. तेव्हा मी ठरवलं की ज्याचा वास येतोय त्याच्याबद्दलच बोलावं, म्हणजे निदान तुमचं लक्ष विषयावरून उडणार नाही.

शाकाहारी मंडळींची आधीच क्षमा मागतो. तुमच्यासाठी आत आख्खा मसूर आणि भरलं वांगं आहे. आख्खा मसूरही आमच्याच भागातला, त्यामुळे तुम्ही पण आज आमचेच पाहुणे.

माझी ओळख थोडक्यात. गाव कोल्हापूर जिल्ह्यात, कागल तालुक्यात. इंजिनिअरिंग सांगलीला, मग पुण्यात तीन वर्षं कोडिंग, आणि २०१३ पासून इथे डॅलसला. स्वयंपाकाचं शिक्षण शून्य. लग्नाआधी मला अंडी उकडता यायची आणि मॅगी करता यायची, आणि मॅगीतसुद्धा पाण्याचा अंदाज चुकायचा. आज जे काही येतं ते आईमुळे, आणि एका वजनकाट्यामुळे. त्या काट्याचीच ही गोष्ट आहे.

आमच्याकडे मटण म्हणजे नुसता पदार्थ नसतो, तो दिवस असतो. म्हाई असली, जत्रा असली, आखाड संपत आला की घरात कुजबुज सुरू व्हायची. सकाळी लवकर बकरं पडायचं, ते मुलाण्याच्या हातून. गावगाड्यात हे काम पिढ्यान्‌पिढ्या त्याच्याकडे, त्यामुळे इथे आल्यावर हलाल दुकानात जायला मला काही वेगळं वाटलं नाही. मग वाटे व्हायचे. वडील पितळी पातेल्यात वाटा घेऊन यायचे आणि आम्ही पोरं त्यांच्या मागे मांजरासारखी. चूल परसात, कारण देवघर असलेल्या स्वयंपाकघरात मटण शिजत नसे. आमची आजी माळकरी. ती मटणाला हात लावायची नाही, पण परसाच्या उंबऱ्यावर बसून सगळं चालवायची. "खोबरं झालं बघ, काढ आता." डोळ्यांनी फारसं दिसत नव्हतं तिला. ती हे वासावर सांगायची. तिने आयुष्यात त्या रश्श्याचा एक थेंब चाखला नव्हता आणि तिचं सहसा चुकायचं नाही.

आईने हे सगळं आजीकडून उचललं. नाकाने स्वयंपाक करायचा. माप नाही, घड्याळ नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कोल्हापुरी मटण म्हणजे एका पातेल्यातून निघालेले तीन-चार पदार्थ. आधी मटणाला हळद, मीठ आणि आलं-लसूण-कोथिंबिरीचं वाटण चोळून ठेवायचं. थोड्या तेलावर कांदा परतून त्यात ते टाकायचं आणि चांगलं परतायचं. मटण आपलं पाणी सोडतं, ते आटेपर्यंत धीर धरायचा. वर झाकण, झाकणावर पाणी. तेच गरम झालेलं पाणी आत घालायचं, गार पाणी घातलं की मटण दडदडीत राहतं असं आई म्हणते. फोडी शिजल्या की जे पाणी तयार होतं ती अळणी. लहान पोरांना आणि आजारी माणसाला तीच भातावर देतात. त्याच अळणीत नारळाचं दूध, तीळ-खसखशीचं वाटण आणि थोडा खडा मसाला गेला की पांढरा रस्सा. भाजलेला कांदा, सुकं खोबरं, तीळ, धणे यांचं वाटण आणि घरची चटणी तेलावर परतून त्यात अळणी ओतली की तांबडा. फोडी काढून मसाल्यात परतल्या की सुक्कं. घरची चटणी म्हणजे कांदा-लसूण मसाला. कोल्हापुरात चटणी म्हटलं की हीच, पुण्याच्या मंडळींनी कृपया खोबऱ्याची समजू नये.

थोडक्यात काय, मूळ माल एकच, दोन किलो मटण. पण जेवायला माणसं किती येतील ते ठरलेलं नाही. मग वाढवायचं काय? फोडी तर वाढत नाहीत. वाढतो तो रस्सा. पंगत चालू असताना बाहेरून कुणीतरी ओरडायचं, "पावणं वाढल्यात!" आणि आतून उत्तर यायचं, "रस्सा वाढवा!" की एक तांब्या गरम पाणी, चिमूटभर मीठ, चमचाभर चटणी, एक उकळी. कुणी उपाशी गेलं नाही, हा आमच्याकडचा अभिमान. मलाही तो होता. अजूनही आहे, फक्त आता त्यात एक तळटीप आहे.

इथे टेक्सासला आल्यावर पहिला आनंद झाला तो बकऱ्याच्या मटणाचा. इतर राज्यांतले मित्र मेंढीवर दिवस काढतात. आपल्याकडे तशी वेळ येत नाही, कारण अमेरिकेत सगळ्यात जास्त शेळ्या-बकऱ्या याच राज्यात आहेत. फक्त दुकानात ते विजेच्या करवतीवर कापतात. सत्तूरने ठोकळ्यावर मारलेला घाव आणि करवत यात फरक आहे. करवतीने हाडाचा भुगा होतो, तो रश्श्यात उतरतो आणि दाताखाली कचकच लागते. मटण दोन-तीन पाण्यांतून हलक्या हाताने धुवा, आणि फोडी मोठ्या मागा, हा माझा फुकटचा सल्ला.

आमच्या दुकानात काउंटरवरचा माणूस मेक्सिकोतल्या हालिस्कोचा आहे. एकदा मी हाडासकट, चरबीसकट, मोठ्या फोडी मागितल्या तर तो हसून म्हणाला, "बिर्रिया करणार का?" मला वाटलं शिवी देतोय. मग त्याने समजावलं. त्यांच्याकडे लग्नकार्यात बकऱ्याचं मटण करतात. सुक्या लाल मिरच्या भाजून, भिजवून, वाटून लावतात, तासन्‌तास शिजवतात, आणि वरचा लाल रस्सा वाटीत वेगळा देतात. वर कांदा, कोथिंबीर, लिंबू. मी त्याच्याकडे बघतच राहिलो. अहो, हे तर आमच्या जत्रेचं जेवण! मग लक्षात आलं की आश्चर्य त्याला वाटायला हवं, मला नाही. मिरची मूळची त्यांचीच. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांबरोबर ती आपल्याकडे आली, त्याआधी आपला तिखटपणा मिरीचा होता. ज्या तांबड्या रश्श्यावर आम्ही कोल्हापूरकर छाती फुगवतो, त्याचा तांबडेपणा या बाजूच्या जगातून आलेला आहे. तेव्हापासून गावची चटणी संपली की मी रंगाला ग्वाहिलो मिरची वापरतो, जशी आपली ब्याडगी, आणि तिखटाला आर्बोल, जशी आपली संकेश्वरी. आईचं मत विचारलं होतं. "रंग चांगला हाय, पण वास परका."

आई आली २०१८ च्या उन्हाळ्यात, सहा महिन्यांसाठी. येताना बॅगेत पाच किलो चटणी. एक पुडी फुटली आणि माझ्यासाठी आणलेले दोन शर्ट कायमचे तांबडे झाले. बाकीची सुखरूप आली. पण तिला वाटत होतं की पुरणार नाही, म्हणून तिने इथेच मिरच्या भाजायला घेतल्या. कढईत मिरची पडली आणि तीन मिनिटांत घरातले चारही स्मोक अलार्म एकदम कोकलायला लागले. बायको उशीने वारा घालतेय, मुलगी रडतेय, मला ठसका लागलाय, आणि आई मात्र शांतपणे मिरच्या हलवत म्हणतेय, "कुणाचा फोन वाजतोय बघ की." तेव्हापासून आमच्याकडे भाजणं-बिजणं मागच्या अंगणात, गॅसच्या शेगडीवर. म्हणजे चूल परत परसात गेली. आजी असती तर तिला बरं वाटलं असतं.

त्याच उन्हाळ्यात मी ठरवलं की आईचं मटण लिहून घ्यायचं. कारण तिला विचारलं तर उत्तरं अशी यायची: "खोबरं किती?" "लागंल तेवढं." "कुठवर भाजायचं?" "वास सुटंस्तवर." "मीठ?" "हाताला कळतं." मी इंजिनिअर माणूस. लागेल तेवढं हा आकडा मला कळत नाही. म्हणून मी डिजिटल वजनकाटा आणला आणि तिच्या हाताच्या आड धरायला लागलो. ती मुठीत मीठ घ्यायची, पातेल्यात टाकणार तेवढ्यात मी म्हणायचो, थांब, आधी इथे. ती वैतागायची. "अरं, मटान काय दवाखान्यातलं औषध हाय व्हय, मापून घालायला?" पण टाकायची काट्यावर. लेकाचा हट्ट.

तीन रविवार मी मोजलं. गंमत अशी की मिठाची मूठ तिन्ही वेळा बत्तीस ग्रॅमच्या आसपास आली, एखाद्या ग्रॅमचा फरक. आपण ज्याला अंदाज म्हणतो तो अंदाज नव्हताच, ते माप होतं, फक्त कागदावर नव्हतं. ज्यांना हवं असेल त्यांनी लिहून घ्या, दोन किलो हाडासकट मटणाला: मीठ ३२ ग्रॅम (चटणीत थोडं असतं, ते धरलेलं नाही), सुकं खोबरं १५० ग्रॅम, कांदे अर्धा किलो, त्यातले दोन सालीसकट थेट जाळावर भाजलेले. लसूण ८० ग्रॅम, आलं ४०, चटणी ७० ग्रॅम, तीळ दोन मोठे चमचे, तेल १५० मिली. हो, १५० मिली, डॉक्टर मंडळींनी माझ्याकडे असं बघू नये. तेल कमी केलं तर कट येत नाही. पाणी सगळं मिळून तीन लिटर. पांढऱ्यासाठी नारळाच्या दुधाचा एक डबा चालतो, पण तो घातल्यावर खळखळून उकळू द्यायचं नाही, फुटतं. शिजायला पातेल्यात दीड तास, आणि बकरं जून असलं तर सरळ प्रेशर कुकर. यात कमीपणा काही नाही, आईनेही दुसऱ्या रविवारी कुकरच घेतला.

खोबऱ्याचं माप काढणं सगळ्यात अवघड गेलं. तिची खूण वासाची होती, आणि वास काट्यावर ठेवता येत नाही. शेवटी मी मोबाईलवर वेळ लावली आणि दर मिनिटाला फोटो काढला. मंद आचेवर सहा मिनिटं, रंग पार्ले बिस्किटाच्या कडेसारखा. सातव्या मिनिटाला कडू.

तिसऱ्या रविवारी चार मित्र जोडप्याने जेवायला होते. म्हणजे पाहुणे आठ, मी, बायको, मुलगी आणि आई, एकूण बारा. मटण धुताना मी फोडीही मोजल्या, कारण आता मोजायचं वेडच लागलं होतं. अठ्ठावन्न निघाल्या. संध्याकाळी आई ताटं मांडत होती आणि पुटपुटत हिशेब करत होती. मी काट्याची वही घेऊन शेजारीच उभा. ती म्हणाली, "अकरा ताटं, पाच-पाच फोडी, पंचावन्न. तीन वर राहत्यात, कुणी मागितली तर."

हिशेब बरोबर होता. मी म्हटलं, "आई, आपण बारा आहोत."

तिने परत मोजलं. बोटांवर, एकेकाचं नाव घेऊन. परत अकराच आले. "बारावं कोन?"

"तू."

"मी काय, मी खातो की मागनं."

(आमच्याकडे बायकाही 'मी खातो, मी जातो'च म्हणतात. कोल्हापूरबाहेरच्यांनी व्याकरण तपासू नये.)

आपल्यात सॉफ्टवेअरवाले पुष्कळ आहेत, त्यांना 'ऑफ बाय वन' माहीत असेल. यादीतली मोजणी एकाने चुकते. प्रोग्राम चालतो, उत्तरही बरोबर दिसतं, बंद पडत नाही, म्हणून ती चूक वर्षानुवर्षं कुणाला सापडत नाही. मी नोकरीत अशा किती चुका शोधल्या असतील. ही चूक माझ्या डोळ्यासमोर तीस वर्षं चालू होती आणि मला दिसली नव्हती. आईलाही ती चूक वाटत नव्हती. तिने स्वतःला मुद्दाम वगळलं असतं तर तो त्याग झाला असता आणि आपण त्याच्यावर कविता केल्या असत्या. तिने वगळलं नव्हतं. तिला स्वतःची आठवणच झाली नव्हती.

मग त्या रात्री मला आमच्या परसातल्या पंगती आठवायला लागल्या. आधी नैवेद्य. मग पावणे आणि गावातली मोठी माणसं. मग घरातले पुरुष. आम्ही पोरं त्यांच्याबरोबर किंवा लगेच मागून. आणि सगळ्यात शेवटी, अंधार पडल्यावर, आई, दोन्ही काक्या आणि मदतीला आलेल्या शेजारणी, चुलीजवळ, पातेलं मध्ये घेऊन. आता कट हा तेलाबरोबर वर तरंगतो. त्यामुळे पहिल्या पंगतीच्या वाटीत तोच जातो, लालभडक. नंतर पाहुणे वाढतात, तांब्या पडतो. परत वाढतात, परत तांब्या. म्हणजे शेवटच्या पंगतीला जे उरतं त्यात फोड नाही, कट नाही, नळी तर नाहीच. भाकरी कुस्करून त्यात त्या जेवायच्या आणि हसत-खिदळत जेवायच्या, हेही खरं आहे. तो त्यांचा दिवसातला पहिला निवांत वेळ असायचा. मला लहानपणी वाटायचं की आईला रस्साच आवडतो. ती तसंच सांगायची. मी कधी विचारलं नाही की आवडायला दुसरं काही समोर होतं का.

एक गोष्ट मला इथे प्रामाणिकपणे सांगायला हवी. जत्रेचं मोठं पातेलं आमच्याकडे पुरुष शिजवतात. रश्श्याचा बेत म्हणून पोरं शेतावर जमून करतात ते मटणही पुरुषांच्याच हातचं, आणि त्याचं कौतुक गावभर होतं. मीही इथे तेच करत होतो. मित्र आले की ॲप्रन बांधून मटण करायचं, वाहवा घ्यायची, आणि ओट्यावरचा पसारा बायकोसाठी. ती किती वाजता जेवायची ते मला सांगता आलं नसतं. तिने ते मला सांगितलं, त्याच रात्री, थोड्या वेगळ्या शब्दांत. ते शब्द या पुस्तिकेत छापता येणार नाहीत.

आई परत गेली. माझी वही राहिली. मी ती एक्सेल शीटमध्ये चढवली, आणि मग बरेच दिवस तिचा उपयोग एवढाच होता की माझा रस्सा दरवेळी सारखा व्हायला लागला.

एप्रिल २०२१ मध्ये गावी आई आणि बाबा दोघांनाही कोरोना झाला. ते दिवस इथल्या प्रत्येकाने फोन हातात धरून काढले आहेत, मी वेगळं काय सांगणार. दोघं बरे झाले, आमचं नशीब. बाबांचा खोकला महिनाभराने गेला. आईचा वास गेला तो मात्र परत आलाच नाही. आधी तिने सांगितलंच नाही. आखाडात मी फोन केला, विचारलं, मटण कधी करताय? तर म्हणाली, "वहिनी करंल तुझी. मी न्हाई करत आता." मला वाटलं दमली असेल. मग वहिनीने सांगितलं. आईने एकदा केलं होतं. खोबरं जळलं, तिला कळलंच नाही, तेच वाटून घातलं. बाबांनी पहिला घास घेतला आणि काही न बोलता दह्याची वाटी पुढे ओढली. बाबा रागावले असते तर परवडलं असतं. आईने पातेलं परसात नेऊन ठेवलं आणि त्या दिवसापासून चुलीपुढे बसली नाही.

मी तिच्याशी बोललो तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तिखट कळतं, मीठ कळतं. पण भाजलं का न्हाई ते कळत न्हाई. आंधळ्यागत झालंय."

तिचं म्हणणं अगदी नेमकं होतं. मीठ जिभेला कळतं. तिखटाची जळजळ ही चवच नाही, ती वेदना आहे, त्यामुळे नाक बंद असलं तरी ती पोचते. पण भाजलेलं खोबरं, परतलेला कांदा, तेल सुटलेला मसाला हे सगळं नाकाचं काम. आणि आईचा सगळा स्वयंपाक त्या एका नाकावर उभा होता.

मी तिला म्हटलं, तुझं नाक माझ्याकडे आहे. तिला काही समजलं नाही. मी ती शीट मराठीत टाईप करून भावाला पाठवली. त्याने मोठ्या अक्षरांत छापून आणली आणि कोल्हापुरातून एक वजनकाटाही आणला. पहिल्या वेळी आम्ही व्हिडिओ कॉलवर केलं, इकडे मध्यरात्र, तिकडे दुपार. मी आकडे वाचतोय, वहिनी काट्यावर, आई चुलीपुढे. "बत्तीस ग्रॅम." आईने मूठ काट्यावर सोडली, एकतीस आले. वहिनी म्हणाली, "आत्या, तुमचा हात तर बरोबरच हाय." खोबऱ्याला मी घड्याळ लावलं. सहा मिनिटं झाली, मी ओरडलो, "काढ आता." आई एक क्षण थांबली, कढई उतरवली आणि म्हणाली, "तुझी आजी बोलल्यागत वाटलं."

त्या दिवशी बाबांनी दही मागितलं नाही. एवढीच बातमी मला मिळाली, आणि ती मला पुरेशी होती.

आता तिचं नाक थोडंफार येतंय. कॉफीचा वास येतो म्हणते, धूर येतो, लसूण मधूनच वेगळाच लागतो. शीट अजून भिंतीवर आहे. तिच्यावर तेलाचे डाग पडलेत, म्हणजे ती वापरात आहे.

डिसेंबर २०२२ मध्ये मी सुट्टीत गेलो तेव्हा सगळ्यांसाठी मटण मी केलं. अठरा माणसं, साडेतीन किलो. फोडी पाहुण्यांसमोरच मोजल्या, लोकांना वाटलं पोरगा अमेरिकेत जाऊन चिंगूस झाला. पहिल्या पंगतीत आई, वहिनी आणि काक्यांना बसवलं. आता तुम्हाला वाटेल की त्यांच्या डोळ्यांत पाणी वगैरे आलं असेल. काही आलं नाही. आई तीन वेळा उठली, एकदा भाकरी आणायला, एकदा पाणी बघायला, आणि एकदा तर काही कारणच नव्हतं. "पोरं राहिल्यात रं, घास उतरत न्हाई." धाकटी काकी मात्र मांडी घालून नीट बसली, नळी मागून घेतली आणि ताटावर आपटून आतला मगज काढून खाल्ला. तिची ही कला मी कधी पाहिलीच नव्हती. आईने तिच्या पाचातल्या दोन फोडी माझ्या पुतण्याच्या ताटात टाकल्या. मी काही बोललो नाही. कोड दुरुस्त केला तरी जुना युजर जुन्या सवयीनेच वापरतो, हे मला नोकरीत कळलेलं आहे.

मंडळी, कार्यकारिणी मागून घड्याळ दाखवतेय, तेव्हा आजच्या जेवणाचं सांगून थांबतो. मटणाचा खर्च काही सभासदांनी मिळून उचलला आहे, त्यामुळे कुपनाची पूर्ण रक्कम निधीत जाणार आहे. आज कुपनं गेली १८६. आत सकाळपासून चौदा माणसं राबताहेत, त्यात पाच पुरुषही आहेत, ही मंडळाच्या इतिहासातली नोंद करण्यासारखी गोष्ट. यादी माझ्याकडे होती, म्हणून मी ती २०० ची केली आणि ती चौदा नावं सगळ्यात वर टाकली. त्यांची पंगत सव्वासहालाच झाली. कट त्यांनी खाल्लाय. आणि आत्ता दारावर आणखी काही मंडळी आल्याचं कळलं, म्हणून तुमचा रस्सा आम्ही सहा लिटरने वाढवला आहे. पातळ वाटला तर तक्रार माझ्याकडे करा, आतल्यांकडे नको.

पानं मांडली आहेत. चला.